पेसाहचा आठवडा, दोन पोरं आणि दुखरे गुडघे: एका दिवसात कुठे जाऊन यावं?

वाळवंटी_वांगं

नमस्कार मंडळी. आम्ही इस्राएलच्या दक्षिणेला, बेर शेवाला राहतो. पेसाहच्या (ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या) सुट्टीत सांगलीहून सासू-सासरे येतायत, पहिल्यांदाच. नवरा इस्पितळात, त्याला सुट्टी नाही. म्हणजे चालक मी, मागच्या सीटवर सासूबाई आणि दोन पोरं (वय ९ आणि ५), पुढे सासरे. गाडी लहान आहे.

अटी ऐका:
सासऱ्यांचे गुडघे. सपाट रस्त्यावर तासभर चालतील, पायऱ्या नकोत.
सासूबाई पक्क्या शाकाहारी, बाहेरचं फारसं खात नाहीत.
पोरांना पाणी दिसलंच पाहिजे.
रात्री झोपायला घरी.

सणाचे दोन दिवस सोडून मधल्या दिवसांचं सुचवा. सगळे म्हणतात या आठवड्यात रस्त्यावर जाऊच नकोस. पण चार हजार किलोमीटरवरून आलेल्या माणसांना आठवडाभर सोफ्यावर कसं बसवू?

रहोवोतकर

आधी वेळापत्रक समजून घे, कारण सगळी गोम तिथे आहे. इथे पेसाह सात दिवसांचा. पहिला आणि सातवा दिवस पूर्ण सण, बस-रेल्वे बंद. मधले पाच दिवस खोल हामोएद, म्हणजे सणही आहे आणि दुकानं-वाहनंही चालू. मध्ये शनिवार आला की उरले चारच. शाळा त्याच्या आधीपासून बंद, बऱ्याच कंपन्या सक्तीची रजा देतात. त्यामुळे अख्खा देश त्याच चार-पाच दिवसांत डबे भरून निघतो.

राष्ट्रीय उद्यानांचं आरक्षण संकेतस्थळावरून आधी करावं लागतं. ‘तिथे गेल्यावर बघू’ हे या आठवड्यात चालत नाही. वर्षभर फिरणार असशील तर उद्यानांचं मत्मोन कार्ड काढ, चारपाच ठिकाणी पैसे वसूल होतात. कार्ड असलं तरी आरक्षण लागतंच, हे लोक विसरतात. आणि निघण्याआधी होम फ्रंटच्या (लष्कराच्या नागरी संरक्षण विभागाच्या) सूचना बघायच्या, हे सांगायला नको.

खडूस

सोफा चांगला आहे का? मग सोफाच.

हैफावासी

खडूसकडे लक्ष देऊ नका ताई. उत्तरेला या! एप्रिलमध्ये गालील हिरवंगार असतं, दक्षिणेत काय, धूळ. तेल दानला दान नदीचं पाणी नुसतं उसळत येतं, गर्द सावली, आणि वाटेचा एक भाग चाकाच्या खुर्चीवाल्यांसाठी केलेला आहे, म्हणजे काकांची सोय झाली. नाहीतर बेत शेआनजवळ गान हाश्लोशा, ज्याला सगळे साखने म्हणतात. झऱ्याचं पाणी बारा महिने २८ अंश, पोरं बाहेर निघणार नाहीत. तिथून जवळच बेत आल्फा: सहाव्या शतकातल्या सिनेगॉगची मोझेक जमीन, मधोमध चक्क राशिचक्र. मेष, वृषभ सगळे बसलेत. सासूबाईंना नक्की आवडेल.

पेण_ते_पेताह

हैफावासी, नकाशा बघा हो. बाई बेर शेवाला राहतात! तेल दान म्हणजे लेबनॉनच्या सीमेला टेकलेलं. देशाचं एक टोक ते दुसरं टोक, एका दिवसात, ५ वर्षांचं पोर घेऊन? खोल हामोएदला दुपारी चारनंतर किनेरेतकडून, म्हणजे गालीलच्या तळ्याकडून येणारा रस्ता बघितलाय का? गाड्या बंद करून लोक बाहेर पत्ते खेळतात.

गेल्या वर्षी आम्ही उत्तरेतल्या एका झऱ्याच्या बागेपाशी साडेदहाला पोचलो. आरक्षण हातात, पण आतली पार्किंग भरली म्हणून फाटकाबाहेर रांग. मेव्हण्याने रांगेतच डबा उघडला.

माझं मत: ज्या दिशेला सगळे जातात त्याच्या उलट जा. तुम्ही आधीच दक्षिणेत आहात, त्याचा फायदा घ्या.

गच्चीवर_चहा

ठाण्यात बसून वाचतोय, रुमाल टाकून ठेवतो. एक बाळबोध प्रश्न. अख्खा देश आपल्या विदर्भाच्या पाव भागाएवढा, मग ट्रॅफिक कसला होतो?

रहोवोतकर

@गच्चीवर_चहा, मे महिन्यातल्या शनिवारी सकाळी लोणावळ्याचा घाट. आता अशी कल्पना करा की मुंबई-पुण्यातल्या सगळ्यांना तेच पाच दिवस सुट्टी आहे आणि दुसरा घाटच नाही.

गच्चीवर_चहा

कळलं. सोफा.

पेण_ते_पेताह

आता कामाचं. @वाळवंटी_वांगं, कुणीतरी मसादा (वाळवंटातला जुना डोंगरी किल्ला) सुचवणारच, म्हणून आधीच सांगतो. गुगलबाबा तुम्हाला आरादवरून जवळचा रस्ता दाखवेल. तो पश्चिमेकडून जातो आणि रोमनांनी वेढ्यात रचलेल्या उताराच्या पायथ्याशी संपतो. तिथून वर चढावंच लागतं. केबल कार पूर्वेला, मृत समुद्राच्या बाजूला, आणि या दोन बाजूंना जोडणारा गाडीरस्ता नाही. काकांसाठी केबल कारच हवी, म्हणजे आरादहून खाली उतरून एन बोकेकवरून वळसा. वर सावली जवळजवळ नाही. एप्रिलमध्ये शराव सुटला, म्हणजे वाळवंटाकडून तापलेला वारा, तर पारा सहज ३५ च्या पुढे.

पोरांना पाणी हवं तर येताना एन बोकेक. चौपाटी फुकट, शॉवर आहेत, जमीन सपाट, काका खुर्ची टाकून पाय पाण्यात सोडून बसतील. फक्त धाकट्याच्या डोळ्यात ते पाणी जाऊ देऊ नका. आणि सासऱ्यांना हेही सांगा की एन बोकेकला दिसतो तो खरा समुद्र नाही, कारखान्याने क्षार काढायला पाणी चढवून ठेवलेली तळी आहेत. खरा मृत समुद्र उत्तरेकडे, आणि तो दरवर्षी साधारण मीटरभर खाली जातोय. पाणी ओसरलं तिथली जमीन खचून विवरं पडतात. एन गेदीची सार्वजनिक चौपाटी त्यापायीच बंद केली.

मृणाल_मोदीईन

एन गेदीचं नाव निघालंच आहे तर: तिथली नहल दावीद ही ओढ्याकाठची वाट सुंदर आहे. वाटेत रानबोकड, शाफान (मोठ्या सशाएवढे, पण आखूड कानांचे प्राणी) अगदी पायाशी. सुरुवातीचा भाग बऱ्यापैकी सपाट, पुढे पायऱ्या आणि खडक. काकांना पहिल्या डोहापाशी बसवता येईल. मात्र खोल हामोएदला अकरानंतर त्या वाटेवर माणसांची रांगच असते, धबधब्याखाली उभं राहायला नंबर.

आणि पावसाचा अंदाज नक्की बघ. एप्रिलमध्येही अधूनमधून पाऊस होतो. तुझ्या डोक्यावर लख्ख ऊन असतं आणि तिकडे हेब्रोन-जेरुसलेमच्या डोंगरात पडलेलं पाणी कोरड्या ओढ्यातून लोंढ्यासारखं खाली येतं. इशारा असेल त्या दिवशी वाळवंटातल्या कुठल्याही ओढ्यात उतरायचं नाही, मग आरक्षणाचे पैसे गेले तरी चालतील.

लोदची_मावशी

पोरी, मी इतका वेळ वाचत होते. सगळे तुला लांब लांब पाठवतायत. जवळचं कोणी सांगत नाही.

मी रेवदंड्याची. लहान असताना आईबापांबरोबर इथे आले, तेव्हापासून लोद. आमच्याकडे खोल हामोएदला पाहुणे आले की पहिला दिवस रामला-लोदचा. कोणाला पटत नाही, म्हणतात रामल्यात काय आहे? तर रामल्यात जमिनीखाली तळं आहे. हारून अल रशीदच्या काळचं टाकं, सन ७८९ चा शिलालेख आहे त्यावर. वर कमानी आणि खाली पाणी, आणि त्यात होडीत बसून स्वतः वल्ही मारायची. माझी नातवंडं दरवर्षी हट्ट करतात. खाली उतरायला पायऱ्या आहेत, तेव्हा तुझे सासरे वर बागेत बसतील. तिथून पांढरा मनोरा जवळ, ममलूक सुलतानाने १३१८ साली बांधला. सासऱ्यांना खालूनच बघायला सांग, आत चढायचं नाही.

मग लोद. १९९६ साली रस्त्याचं काम करताना मोझेकची जमीन सापडली, सतराशे वर्षांपूर्वीची. हत्ती, जिराफ, गेंडा, मासे, जहाजं. ती जमीन अमेरिकेला, पॅरिसला फिरून आली आणि २०२२ पासून इथेच तिच्यावर इमारत बांधून ठेवली आहे. आत सगळं सपाट, गार हवा. हत्ती दिसला की पाच वर्षांच्या पोराला बाकी काही नको.

मधल्या वेळेला माझ्याकडे चहाला या. पाव नाही, बिस्किट नाही, पण चहाला काही बंदी नाही.

वाळवंटी_वांगं

मावशी, कसं सांगू तुम्हाला. मी रोज रेल्वेने लोदवरून जाते आणि हे काही माहीत नव्हतं. चहाला येणार म्हणजे येणार.

आता डब्याचा प्रश्न. पेसाहला आंबलेलं गव्हाचं चालत नाही, म्हणजे पोळी न्यायची नाही ना? आम्ही पाळत नाही, पण उद्यानात सगळ्यांसमोर पोळीभाजी काढणं बरं दिसत नाही.

पेण_ते_पेताह

कोणी अडवणार नाही, पण शेजारच्या सतरंजीवरच्या आजीची नजर लागेल, आणि त्या नजरेने पोळी खाली उतरत नाही. मात्साचं (सणातल्या न आंबवलेल्या कडक रोटीचं) सँडविच करू नका. तो प्रकार पहिल्या घासाला फुटतो आणि उरलेला खिशात जातो.

लोदची_मावशी

अगो, साबुदाणा! तुला सांगलीचीच सासू मिळाली आहे आणि तू मला डब्याचं विचारतेस? साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळं, दही. उपासाचं सगळं चालतं. आमच्या बेने इस्राएल (कोकणातल्या मराठी ज्यू) लोकांत भात पण चालतो, तांदूळ तीनदा निवडून घेतात. गहू, जव वगैरे पाच धान्यांचं आंबलेलं नको, एवढंच.

रहोवोतकर

मात्र शेजारी अश्केनाझी (मूळ युरोपातल्या ज्यूंचं) कुटुंब असेल तर त्यांना आग्रह करताना जपून. त्यांच्यातले बरेच जण पेसाहला भात, डाळी, शेंगदाणे खात नाहीत. माझ्या प्रयोगशाळेतल्या एकाला मी भरभरून दाण्याचं कूट घातलेली खिचडी दिली. त्याने फार प्रेमाने वास घेतला आणि परत केली.

गच्चीवर_चहा

म्हणजे पेसाह म्हणजे सात दिवसांची एकादशी, आणि खाशी मात्र चौदापट.

खडूस

@गच्चीवर_चहा, यासाठी तुला सोफा माफ.

मृणाल_मोदीईन

अवांतर: बेने इस्राएल लोकांच्या मराठी हगादा कोणी पाहिल्या आहेत का? सेदेरच्या, म्हणजे सणाच्या पहिल्या रात्रीच्या जेवणाला वाचतात ते पुस्तक. मुंबईत १८४६ साली शिळाछापावर मराठी भाषांतरासह निघालं, पुण्यात १८७४ साली चित्रांसह. पुण्याच्या प्रतीत मात्सा भाजणाऱ्या बायका लुगडं नेसून जमिनीवर बसल्या आहेत. इजिप्तमधून निघालेल्या लोकांची गोष्ट, आणि स्वयंपाकघर आपल्या वाड्यातलं.

लोदची_मावशी

आमच्या घरी बाबा मराठीत वाचत. मोशे आणि फारोचं भांडण ते दोन आवाज काढून वाचायचे. आता नातवंडांना हिब्रूच कळतं, तरी एक पान मी मराठीत वाचतेच. ऐकून घेतात बिचारी, भूक लागलेली असते.

हैफावासी

मला सगळ्यांनी गप्प केलं पण एक सांगतोच. @वाळवंटी_वांगं, सासरे काय करायचे?

वाळवंटी_वांगं

इतिहासाचे शिक्षक. निवृत्त.

हैफावासी

बघा! मग हैफा टाळून चालणारच नाही. २३ सप्टेंबर १९१८ ला जोधपूर आणि म्हैसूरच्या लान्सर्सनी घोड्यांवरून हैफा जिंकलं. पुढे तोफा-मशीनगन, हातात भाले. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकात जे तीन पुतळे आहेत ते त्याच ब्रिगेडचे. इथे खालच्या शहरात भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे, छोटी, शांत. शिवाय कार्मेल डोंगराच्या पायथ्याला एलियाहू हनाबीची (एलिया संदेष्ट्याची) गुहा. मावशींच्या लोकांना वेगळं सांगायला नको. बेर शेवाहून रेल्वेने या, जामची भानगडच नाही. समुद्र आहेच पोरांना.

लोदची_मावशी

एलियाहू हनाबीच्या गुहेला आमची माणसं बस करून जातात, मलिदा (गोड पोह्यांचा नैवेद्य) करतात. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर त्यांच्या रथाची खूण आहे, ती सोडून आलो म्हणून इथली गुहा धरली. हैफावासी, हे एक तुमचं बरोबर बोललात.

पेण_ते_पेताह

रेल्वेने असेल तर मी विरोध मागे घेतो. रव-काव या बस-रेल्वेच्या कार्डात आधी पैसे भरून ठेवा आणि सकाळची गाडी धरा, दुपारच्या गाडीत उभ्यानेच यावं लागतं.

पण इतिहासाचे शिक्षक म्हटल्यावर माझ्याकडे त्याहून जवळचं आहे. बेत गुवरिन-मारेशा. तुमच्याकडून तासाच्या आत. खडूच्या मऊ दगडात खणलेल्या शेकडो गुहा, २०१४ पासून जागतिक वारशात. घंटेच्या आकाराच्या गुहांपर्यंत वाट सोपी आहे आणि बाहेर कितीही ऊन असो, आत गारवा. मारेशाच्या बाजूला जमिनीखाली ऑलिव्ह तेलाचा घाणा आहे, दोन हजार वर्षांहून जुना. आमचे पूर्वज कुलाबा जिल्ह्यातले शनवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून हे नाव. माझे वडील त्या दगडी घाण्यासमोर उभे राहिले आणि वाटाड्याला म्हणाले, बैल कुठून फिरवत होते ते दाखव. वाटाड्याला हिब्रू आणि इंग्रजीच येत होतं, वडील मराठीत सुरू. अर्धा तास दोघं हातवारे करत होते. शेवटी वाटाडा वहीत काहीतरी लिहून घेताना दिसला. तिथे पायऱ्या आहेत, तेव्हा काकांनी घंटेच्या गुहाच बघाव्यात.

नेगेवची_नर्स

उशिरा आले. पाणी, सपाट, जवळ आणि गर्दी कमी, असं सगळं एकत्र सापडणार नाही. पण बेर शेवाच्या आसपासचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

स्दे बोकेरला पहिले पंतप्रधान बेन गुरियन आणि त्यांची बायको पोला यांच्या कबरी आहेत. तिकीट नाही, वाट सपाट, कठड्यापाशी उभं राहिलं की खाली झिनची अख्खी दरी. रानबोकड तिथेही हमखास येतात, एन गेदीची गर्दी कशाला सोसायची? तिथून खाली एन आवदात. त्याची पूर्ण वाट एकमार्गी, शिड्यांची, पण खालच्या फाटकातून पाण्यापर्यंत जाऊन परत येता येतं. पाण्यात उतरायची परवानगी नाही, पोरांना आधीच सांगून ठेव, नाहीतर तिथे रडारड.

दुसरं नेवातीम. तुझ्या घरापासून वीसेक मिनिटं. कोचीनच्या ज्यूंचा मोशाव (सहकारी शेतीचं गाव), केरळी धाटणीचं सिनेगॉग, आतलं तोरा (धर्मग्रंथ) ठेवायचं कपाट केरळातून आणलेलं, शेजारी छोटं संग्रहालय. आधी फोन करून वेळ ठरवावी लागते. दिमोनाला आपल्या लोकांची दुकानं आहेत, पेसाहला शेवपुरी बंद पण लोणची-मसाले मिळतात.

आणि काहीच जमलं नाही तर लाहाव किंवा यतीरचं जंगल. बाकं आहेत, झाडाखाली सतरंजी, तिकीट नाही. मंगल, म्हणजे कोळशावर मांस भाजण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम, नेमून दिलेल्या जागीच चालतो. सासूबाईंना वाऱ्याच्या उलट बाजूला बसव.

मृणाल_मोदीईन

यात भर: जेरुसलेम करणार असाल तर बिर्कात कोहानीमचा दिवस टाळा. पश्चिम भिंतीपाशी पुरोहितांचा सामूहिक आशीर्वाद असतो, खोल हामोएदमध्येच, हजारो लोक, रस्ते बंद. त्या दिवशी इस्राएल म्युझियमही नको. एरवी मात्र तिथे मट्टनचेरीच्या कडवुंभागम सिनेगॉगचं अख्खं लाकडी अंतरंग उभं केलंय, आणि चाकाच्या खुर्चीची सोय आहे. सुट्टीत काही संग्रहालयं एक बँक फुकट करते, यादी आधी बघा. फुकट असेल तिथे गर्दी दुप्पट, हेही धरून चला.

प्रवासी_क्र_९

या देशात सहलीला जाणाऱ्यांना एकच विचारायचंय की

संपादक

वरचा प्रतिसाद आणि त्यावरचे पुढचे प्रतिसाद काढले आहेत. त्या विषयावर चर्चेसाठी वेगळे धागे आहेत. इथे सहलीबद्दल बोलू.

खडूस

संपादक, सोफ्याबद्दल बोललं तर चालेल ना?

वाळवंटी_वांगं

घरी मतदान झालं. सासऱ्यांनी हा धागा पूर्ण वाचला (आणि शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या, नावं सांगत नाही). ठरलं ते असं:

रामला-लोद आणि मावशींचा चहा. नेवातीम आणि दिमोना एका दिवसात. बेत गुवरिन, पहिल्या वेळेचं आरक्षण मिळालं. हैफा रेल्वेने, कारण ‘भाले घेऊन तोफांवर’ हे ऐकल्यापासून सासरे दुसरं बोलत नाहीत. एन बोकेक आठवडा संपल्यावर करू, समुद्र कुठे पळून जात नाही. (रहोवोतकर, मीटरभर वगैरे सांगू नका, तो मुद्दा पेणकरांचा होता.)

उत्तर आणि मसादा रद्द. हैफावासी, तुम्हाला निम्मा विजय.

हैफावासी

निम्मा कसला, पूर्ण! हैफा उत्तरेतच आहे.

वाळवंटी_वांगं

(आठवड्याने) जाऊन आलो, थोडक्यात लिहिते. सगळ्यात जास्त चाललं ते रामल्याचं टाकं. थोरलीने वल्ही हातात घेतली ती परत द्यायला तयार नव्हती, मागे दोन होड्या अडकल्या. सासरे वर न थांबता पायऱ्या धरून खाली आलेच आणि शिलालेखाची तारीख हिजरीची की इसवी सनाची यावर तिथल्या माणसाशी चर्चा केली. मावशींकडे चहाला गेलो ते जेवूनच निघालो. सासूबाई आणि मावशी यांचं खोबऱ्याच्या वाटपावर एकमत झालं नाही, पण दोघींनी एकमेकींचे फोन घेतलेत.

हैफाला परतीच्या गाडीत उभ्याने आलो. पेणकर, मान्य.

आता एकच. उद्या सातवा दिवस संपतोय. परवा पार्कात जायचं म्हणतात पोरं. गर्दी कमी झाली असेल ना?

लोदची_मावशी

अजिबात जाऊ नकोस! सण सुटला की रात्री मोरोक्कोच्या लोकांची मिमूना, दारं उघडी टाकून मुफलेता खिलवतात, मध आणि लोणी लावून. दुसऱ्या दिवशी सगळे पार्कात मंगल लावतात. गाडी ठेवायला जागा मिळणार नाही. रात्री शेजारी कोणी मोरोक्कोचं असेल तर तिकडे जा, आमंत्रणाची वाट बघायची नसते.

वाळवंटी_वांगं

वरच्या मजल्यावर आहेत. पण नुसतं असं उठून जायचं?

लोदची_मावशी

हो. सासूबाईंना पण ने. मुफलेता म्हणजे पातळ पोळीच, आठवड्याने गहू पोटात जाईल त्यांच्या. आणि पाव लगेच शोधू नकोस, बेकऱ्यांच्या भट्ट्या तापायला वेळ लागतो आणि रांगेत सगळा बेर शेवा असतो.

खडूस

मुफलेता घरपोच मिळतो का?